ओलीत कपाळ, कोरडवाहू गाल

वर्धा जिल्ह्यातल्या देवळी-हिंगणघाटकडच्या शेतकऱ्याला मिश्र त्वचा समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. एकाच माणसाचं एक वावर ओलिताचं असतं, दुसरं कोरडवाहू. दोन्हीकडे सारखंच पीक, सारखंच पाणी असा हिशेब कुणी लावत नाही. चेहऱ्याचंही तसंच आहे. कपाळ, नाक आणि हनुवटी हा पट्टा ओलिताचा. गाल, डोळ्यांभोवतीची कातडी आणि ओठांच्या कडा कोरडवाहू. तरीही दुकानातून आणलेली एकच ट्यूब आपण सगळीकडे सारखी फासतो. मग कपाळावर पुटकुळ्या आणि गालांवर खरखर, अशी दुहेरी तक्रार घेऊन आणखी एक ट्यूब आणायला जातो.

मिश्र त्वचा हा आजार नाही, आणि दोषही नाही. मोठ्या माणसांतल्या बहुतेकांचा चेहरा कमी-अधिक प्रमाणात मिश्रच असतो, कारण तेल तयार करणाऱ्या ग्रंथी सगळीकडे सारख्या पेरलेल्या नाहीत. तळहात आणि तळपाय सोडले तर त्या अंगभर आहेत. पण चेहऱ्यावर आणि डोक्याच्या कातडीत एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० ग्रंथी भरतात, तर हातापायांवर ही संख्या १००च्या आत राहते. चेहऱ्यातही कपाळ, नाकाच्या बाजू आणि हनुवटी इथे त्या दाट आणि मोठ्या असतात, गालांच्या कानाकडच्या भागात विरळ. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा आकार होतो म्हणून या तेलकट पट्ट्याला सगळे टी-झोन म्हणतात.

या ग्रंथींची काम करण्याची रीत विलक्षण आहे. ग्रंथीतली पेशी तेलानं भरत जाते, फुगते आणि अखेर स्वतःच फुटून त्या तेलात विरघळते. केसाच्या छिद्रातून वर येणारं सीबम म्हणजे असल्या फुटलेल्या पेशींचाच ऐवज: स्निग्ध पदार्थ, मेण आणि स्क्वालीन. त्यामुळे सकाळच्या तर्री-पोह्यातलं तेल दुपारी कपाळावर उगवतं ही समजूत खरी नाही. ग्रंथी ऐकतात त्या मुख्यतः अँड्रोजेन संप्रेरकांचं. म्हणूनच नवजात बाळाचा चेहरा आईच्या संप्रेरकांमुळे काही आठवडे तेलकट दिसतो, पुढे लहानपणभर कोरडा राहतो आणि वयात येताना एकदम चमकू लागतो. पाळी थांबल्यावर बायकांचं तेल बरंच घटतं; पुरुषांचं मात्र म्हातारपणापर्यंत बऱ्यापैकी टिकतं. सोळाव्या वर्षी सगळा चेहरा तेलकट असलेली मुलगी तिशीत मिश्र आणि पन्नाशीनंतर कोरड्या त्वचेची होऊ शकते. तरुण मुलीचा चेहरा अचानक फार तेलकट झाला, हनुवटीवर राठ केस आले आणि पाळीही अनियमित झाली, तर फेसवॉश बदलण्याआधी पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी.

कोरडेपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. तेलकट म्हणजे तेल जास्त; कोरडं म्हणजे पाणी कमी. त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्यांच्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी बुजवलेल्या असतात. हे भरण धुपलं की आतलं पाणी हवेत उडून जातं. दिवसभर कितीही पाणी प्यायलं तरी ते उलट वाटेनं येऊन या थराला ओलं करत नाही. पाणी पिणं शरीराला हवंच, पण उललेल्या गालावर तो इलाज नाही. तेल आणि पाणी ही दोन वेगळी खाती असल्यानं नाक वरून चकचकीत आणि तरीही आतून ताणलेलं, असंही होऊ शकतं.

त्वचेचे तेलकट, कोरडी, सामान्य आणि मिश्र असे वर्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात रुजले. हेलेना रुबिनस्टाइन या उद्योजिकेच्या नावावर ही विभागणी सांगितली जाते. दुकानात गिऱ्हाइकाला योग्य डबी द्यायला ती सोयीची होती, आजही आहे. अडचण एवढीच की तिच्यात हवामान कुठेच येत नाही. आणि वर्ध्यात राहून हवामान वगळून त्वचेचा विचार करताच येत नाही.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतप्यात दुपारच्या हवेत ओलावा इतका कमी असतो की अंगणात टाकलेली साडी बघता बघता वाळते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. मधले चार महिने पावसाचे, चिकचिकीचे. एवढ्या फरकाच्या तीन ऋतूंत एकच चेहरा एकाच ‘प्रकाराचा’ कसा राहील? इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९७० साली मोजून दाखवलं की त्वचेचं तापमान एका अंशानं वाढलं की सीबम बाहेर पडण्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. उन्हाळ्यात कपाळ जास्त चमकण्याचं हे कारण. पण त्याच उन्हाळ्यात कोरडी हवा गालांतलं पाणी ओढून घेते. म्हणजे मे महिन्यात इथला मिश्र चेहरा दोन्ही टोकांनी ताणला जातो: तेलकट भाग अधिक तेलकट, कोरडा अधिक कोरडा. माझ्या मते विदर्भातली खरी मिश्र त्वचा ही आहे, आणि समुद्रकाठच्या दमट शहरात बसून लिहिलेला सल्ला तिला पुरत नाही.

त्यात कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर असते, म्हणून रात्री कूलरमध्ये झोपणाऱ्याचे गाल सकाळी बरे वाटतात. कचेरीत दिवसभर एसीत बसणाऱ्याचं उलट होतं, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. एकाच घरातल्या दोन बहिणींना एकाच महिन्यात वेगवेगळं मलम लागू शकतं ते यामुळे. मृगाच्या सरी आल्या की चित्र पालटतं. गालांची तक्रार थांबते, पण घाम आणि तेल मिळून कपाळावर, केसांच्या कडेनं बारीक पुटकुळ्या येतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेचा गार वारा सुरू झाला की पुन्हा गाल आणि ओठ उलायला लागतात, आणि तेव्हा नाकसुद्धा फारसं तेल सोडत नाही.

आपल्या चेहऱ्याचा नकाशा घरीच काढता येतो. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवावं, टिपून कोरडं करावं आणि तासभर काहीही लावू नये. मग पातळ टिश्यूचे किंवा टीपकागदाचे पाच तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल इथे एकेक दाबून धरावेत. उन्हाळ्यात घामानंही कागद भिजतो, म्हणून तुकडे पंख्याखाली वाळू द्यावेत: घामाचा डाग उडून जातो, तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो. जानेवारी, मे आणि ऑगस्ट असं वर्षातून तीनदा करून पाहावं. कुठे डाग आला, कुठे नुसतं ताणल्यासारखं वाटलं, हे कळलं की निम्मं काम झालं.

आता धुण्याबद्दल. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू साधारण ४.५ ते ५.५. अंगाच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १०. शिवाय वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे आणि अनेक गावांत बोअरवेलचं पाणी जड असतं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळाला की न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर बसतो, तोच थोडा गालांवरही राहतो आणि खाजतो. कपाळ हे सहन करतं, गाल करत नाहीत. म्हणून चेहऱ्याला वडी लावू नये. कमी सामूचा, साबण नसलेला क्लीन्झर दिवसातून दोनदा पुरे. शेतातून, धुळीतून आल्यावर मध्ये एकदा नुसत्या पाण्यानं धुवावं. फवारणीच्या दिवशी मात्र ही सगळी नजाकत बाजूला ठेवावी: आधी हात, मग चेहरा आणि सगळं अंग साबणानं भरपूर धुवावं, आणि तोवर चेहऱ्याला हात लावू नये.

वारंवार धुतल्यानं ग्रंथी चिडून जास्त तेल करतात, असं ठासून सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. ग्रंथी आपल्या गतीनं काम करत राहतात आणि धुतलेलं कपाळ काही तासांत पुन्हा पूर्वीइतकं तेलकट होतं, एवढंच. जास्त धुण्याचं नुकसान होतं ते गालांचं, कारण तिथलं आधीच तोकडं असलेलं भरण वाहून जातं.

लावायचं काय, हे जागेप्रमाणे ठरवावं. गालांना पाणी धरून ठेवणारं आणि ते उडू न देणारं असं दोन्ही लागतं. ग्लिसरीन पाणी धरतं, सेरामाइड फटी बुजवतात, पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावलं तर ते अधिक उपयोगी पडतं. थंडीत गालांना जाडसर क्रीम, उन्हाळ्यात पातळ लोशन. कपाळ-नाकाला बारमाही जेलच्या जातीचं, हलकं काहीतरी किंवा पावसाळ्यात काहीच नाही. मेडिकलमधलं साधं ग्लिसरीनही चालतं, मात्र पाणी किंवा गुलाबजल मिसळून. निव्वळ ग्लिसरीन चिकट होतं आणि काहींना झोंबतं.

ब्लॅकहेड्स आणि बारीक पुटकुळ्यांना सॅलिसिलिक आम्ल चांगलं. ते तेलात मिसळतं, म्हणून तेलानं भरलेल्या छिद्रात शिरू शकतं. एक-दोन टक्क्यांचं, फक्त टी-झोनला आणि सुरुवातीला एक दिवसाआड. त्याचा हात गालांवर फिरला की कातडी सोलवटते. लाल, पिकलेल्या मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचंसुद्धा पुरतं. ते लावून ओढणी बांधू नये, कापडाचा रंग उडतो. अ‍ॅडापॅलीनसारखी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच लावावीत आणि गर्भारपणात टाळावीत. सगळ्या चेहऱ्याला चालेल असं एकच काही हवं असेल तर निॲसिनामाइड: दोन ते पाच टक्के प्रमाणात ते तेल थोडं कमी करतं आणि त्वचेचं भरणही सुधारतं. कशाचाही परिणाम आठ दिवसांत शोधू नये. वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो.

घरगुती वस्तूंबद्दल लिहिताना समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आधी आठवते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि भरपूर करक्युमिनसाठी ती ओळखली जाते. हळदीबद्दल मला आदर आहे. करक्युमिनमध्ये दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसतो. पण ते कातडीत सहज शिरत नाही, उजेडात लवकर विघटित होतं आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. हळदीकुंकवाच्या जागी कपाळावर काळपट, खाजरा डाग पडलेल्या बायका त्वचेच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. अनेकदा कारण कुंकवातल्या रंगात सापडतं, कधी हळदीत. तेव्हा लग्नाची हळद आनंदानं लावावी, रोजचा लेप म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. बेसन आणि मुलतानी माती तेल शोषतात, म्हणून कपाळ-नाकाला आठवड्यातून एकदा ठीक. गालांवर वाळून तडकेपर्यंत ठेवू नयेत. आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्याचा पट्टा, त्यामुळे साली वाळवून कुटून चेहऱ्याला घासण्याची पद्धत घरोघर. कुटलेल्या सालीचे कण टोकदार असतात, त्यांनी बारीक ओरखडे पडतात. लिंबाचा रस तर चेहऱ्यावर नकोच. तो फार आम्लधर्मी आहे, आणि त्यातले काही घटक कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात. खोबरेल कोरड्या हातापायांना उत्तम. टी-झोनवर ते छिद्रं बुजवतं.

उन्हाचा बचाव इथल्या मुलींनी स्वतःच शोधून काढला आहे. स्कूटीवरून कॉलेजला निघालेल्या मुलीचा डोळ्यांपुरता उघडा, ओढणीत गुंडाळलेला चेहरा वर्धा-नागपूरच्या रस्त्यावर सर्रास दिसतो. हा उपाय मला पूर्ण मान्य आहे. घट्ट विणीचं सुती कापड सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं, कारण ते दोन तासांनी पुसलं जात नाही. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला दिवसातून चारदा क्रीम लावा म्हणून सांगण्यात काय अर्थ? तिला रुंद पदर, दुपट्टा आणि टोपीच खरी. मात्र घामेजलेली ओढणी रोज धुवायला हवी, नाहीतर हनुवटीवर आणि जबड्यावर घासून पुटकुळ्या येतात. सनस्क्रीन वापरायचं तर मिश्र त्वचेला जेलचं, एसपीएफ ३० किंवा अधिक, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल एवढं. गालांवर वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन निवडावं; त्यातलं लोह ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांग त्या प्रकाशानंही गडद होतो.

वांग निघाला की गोरेपणाच्या क्रीमचा विषय टाळता येत नाही. औषधाच्या दुकानात ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा हाती पडतं ते स्टिरॉइडचं मिश्रण: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र. पहिले काही आठवडे जादू झाल्यासारखी वाटते. पुटकुळ्या बसतात, वांग फिकटतो, गाल गुळगुळीत होतात. पुढे गालांची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस उगवतात, आणि क्रीम थांबवलं की सगळा चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. भारतातल्या १२ केंद्रांत केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ट्यूब मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे फिरतेच. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल वाचलं की ती चेहऱ्यापासून दूर ठेवावी. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम सोडू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू सोडवून घ्यावी.

आता राहिलं ते सर्वांत महत्त्वाचं: जे मिश्र त्वचेसारखं दिसतं पण नसतं. नाकाच्या बाजूच्या खाचेत, भुवयांत पिवळसर कोंडा सुटतो, शेजारची कातडी लालसर आणि तेलकट. याला कोरडेपणा समजून तेल चोळलं जातं, आणि तो वाढतो. कारण तिथे मलासेझिया नावाची बुरशी असते, स्निग्धतेवर जगणारी. डोक्यातला कोंडाही तिचाच. तिला केटोकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध लागतं.

शेतात राबणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या लवणी जाडसर, खाजऱ्या झाल्या तर बांधावरच्या गाजर गवताकडे पाहावं. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण आज वर्ध्याच्या पडीक जमिनींवर माजलेलं आहे. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहावर लिहिलं. वाळलेल्या गवताचे कण हवेतून येतात, म्हणून त्याला न शिवताही त्रास होतो.

लहान मुलांच्या गालांवर फिकट, खवलेदार चट्टे येतात तेव्हा आजी म्हणते, ‘पोटात जंत झाले.’ जंतांशी त्यांचा संबंध नसतो. तो बहुधा सौम्य इसब असतो. साध्या मॉइश्चरायझरनं आणि उन्हापासून जपल्यानं काही महिन्यांत जातो. पण या जिल्ह्यात फिकट, कोरड्या चट्ट्याकडे आणखी एका नजरेनं पाहायला लोक शिकले आहेत. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांचं काम सुरू केलं. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केलं. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था वर्ध्यात उभी राहिली आणि डॉ. वर्देकरांनी घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची पद्धत बसवली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधोपचार देशात सर्वांत आधी ज्या थोड्या जिल्ह्यांत पोचला, त्यांत वर्धा होता.

कुष्ठरोगाचा चट्टा कोरडा असतो तो घामाच्या ग्रंथींच्या नसा निकामी झाल्यामुळे. म्हणून मे महिन्यात सगळा चेहरा घामानं निथळतो आणि तेवढाच भाग सुका राहतो. त्यावरची लव गेलेली असते. मिश्र त्वचेचा कोरडेपणा दोन्ही गालांवर सारखा असतो आणि ऋतूबरोबर बदलतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा एकाच बाजूला असतो, त्याची कड ओळखू येते आणि तो पावसाळ्यातही जागचा हलत नाही. हातापायावरच्या चट्ट्यात स्पर्श कळत नाही, पण चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असल्यानं तिथे स्पर्श कळूनही रोग असू शकतो, तेव्हा घरच्या टोचणीच्या परीक्षेवर विसंबू नये. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय इथे त्वचारोग विभाग आहेत. गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला दाखवलं तरी चालतं. निदान झालंच तर गोळ्या मोफत मिळतात, चट्टे थोडे असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर वर्षभर. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो, त्यामुळे रुग्णानं घरातच, नेहमीच्या ताटा-अंथरुणात राहायला काहीच हरकत नसते.